उचललेली पिकअप खाली आणायची, तर नेमकं काय काढायचं?

हौद्यात प्लॅस्टिकचं स्टूल टाकून फिरणाऱ्या पिकअप कोल्हापुरात अधूनमधून दिसतात. गाडी दोन-तीन इंच उचललेली, टायर जाडजूड, आणि घरातल्या वयस्कर माणसाला बसवायचं म्हटलं की आधी स्टूल उतरवायचं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला किंवा नऊवारी नेसलेल्या आजीला त्या उंचीवर चढवणं म्हणजे दोघांचं काम. मग कधीतरी ‘गाडी खाली घेऊया’ हा विषय निघतो. स्प्रिंगचा एक वेढा कापा, मागचा एक पाटा (लोखंडी पट्टीची स्प्रिंग) काढा, तासाभरात गाडी खाली, असा सल्ला देणारेही लगेच भेटतात.

त्या वाटेला जाऊ नका. गाडी कंपनीच्या मूळ उंचीपर्यंत आणावी, त्याखाली नेऊ नये, आणि तरी अडचण उरली तर ती पायरीनं आणि हँडलनं सोडवावी, असं आमचं मत आहे. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारखी गाडी मूळ उंचीला आली तरी बुटकी होत नाही. पण त्याखाली नेली की अ‍ॅक्सल आणि बंप स्टॉप (चासीला बसवलेलं, धक्का अडवणारं रबर) यांच्यातलं अंतर कमी होतं, आणि हौद्यात चार पोती पडली की मागची बाजू प्रत्येक खड्ड्यात रबरावर आपटायला लागते. पिकअपचा पिकअपपणाच त्यात जातो.

आधी टेप, मग पाना

उंची कुठून आली हे कळल्याशिवाय एकही नट सैल करू नका. सपाट जागा शोधा. चारही टायरमध्ये दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा, हौदा रिकामा करा आणि गाडी दहा-वीस फूट पुढेमागे घेऊन सोडा, म्हणजे सस्पेन्शन बसेल. मग चार मापं घ्या.

चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मोजा. या मापात टायर येत नाही, त्यामुळे सस्पेन्शन किती उचललंय ते स्वच्छ कळतं. तेच मॉडेल मूळ अवस्थेत कुणाकडे असेल तर तिथं जाऊन हेच माप घ्या. दोन्हीतला फरक म्हणजे सस्पेन्शनची लिफ्ट. दुसरं माप चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंत, ते टायरचं. तिसरं, दाराचा खालचा उंबरा जमिनीपासून किती वर आहे. चौथं, सीटच्या बाहेरच्या कडेचा वरचा भाग किती उंच आहे.

चौथं माप बहुतेक जण घेतच नाहीत, आणि खरा प्रश्न तिथंच असतो. ज्याला बसवायचंय त्याला सीटकडे पाठ करून उभं करा. सीटची कड त्याच्या बसण्याच्या भागाला टेकते की कमरेच्या वर येते? टेकत असेल तर तो आधी बसून मग पाय आत घेऊ शकतो. सीट वर असेल तर एका पायावर सगळं अंग उचलावं लागतं, आणि गुडघा नेमका तिथं बोंबलतो. हा फरक मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. गाडी किती खाली यायला हवी आणि पायरी किती उंचीची हवी, दोन्ही त्यावरून ठरतं.

गाडीखाली डोकावून एक गोष्ट आणखी बघा. केबिन आणि चासी यांच्यामध्ये रबरी माउंटखाली गोल ठोकळे दिसले तर बॉडी लिफ्ट केलेली आहे. आपल्याकडे ती क्वचित असते. ती काढायची तर केबिनचे आणि हौद्याचे सगळे बोल्ट मूळ लांबीचे परत घ्यावे लागतात. शिवाय स्टीअरिंगचा दांडा, रेडिएटरच्या पंख्याचं कव्हर, डिझेल भरायची नळी आणि बंपरचे ब्रॅकेट हे सगळं मूळ जागी आणावं लागतं. ते काम ज्यानं लिफ्ट बसवली त्याच्याकडूनच उलटं करून घेतलेलं बरं.

सगळ्यात सोपे मिलिमीटर टायरमध्ये

समजा मूळ टायर २५५/६५ आर १७ होता आणि त्याजागी २८५/७० आर १७ घातला. मूळ टायरचा व्यास साधारण ७६३ मिमी, नव्याचा ८३१ मिमी. व्यासातला निम्मा फरक चाकाच्या मध्याखाली येतो, म्हणजे नुसत्या टायरनं गाडी ३४ मिमी वर गेली. २६५/७० आर १७ असेल तर व्यास ८०३ मिमी आणि गाडी २० मिमी वर. हिशोब घरी करता येतो: रुंदीला टक्केवारीनं गुणा, दुप्पट करा, रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा.

म्हणून आधी टायर मूळ मापाचे घ्या आणि परत मोजा. फक्त त्यावर काम भागलं तर सस्पेन्शनला हात लावायची गरज नाही. मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटरही कमी दाखवत असतो. ८३१ मिमीच्या टायरवर काटा ८० वर असताना गाडी खरी ८७ च्या आसपास पळते. मूळ टायर आले की हे आपोआप सुधारतं, पण मधल्या काळात कुणी स्पीडोमीटर मोठ्या टायरसाठी सेट करून घेतला असेल तर तोही परत करावा लागेल.

रिम बाहेर आलेले, म्हणजे कमी ऑफसेटचे असतील तर तेही बदला. सस्पेन्शन खाली आणून हेच रुंद टायर ठेवले तर स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला घासतो. चालवताना लगेच कळत नाही. रिव्हर्समध्ये, चढावर, एक चाक वर असताना खर्रकन आवाज येतो. स्टेपनीही त्याच मापाची हवी. फोर बाय फोर गाडीत एक चाक वेगळ्या व्यासाचं ठेवून कोरड्या रस्त्यावर फोर व्हीलमध्ये चालवलं तर ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो.

मागची बाजू: ठोकळा, शॅकल की जादा पाटा?

मागे गाडी कशानं उचलली आहे ते बघा. बहुतेक पिकअपना मागचे पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसवलेले असतात. लिफ्टवाल्यानं पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा घातला असेल तर ५० मिमीच्या ठोकळ्यानं गाडी बरोबर ५० मिमी वर जाते. शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) लांब केलं असेल तर हिशोब निम्मा: शॅकल ५० मिमी लांब, तर गाडी साधारण २५ मिमी वर. आणि कोल्हापुरात सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे जादा पाटा. गुळाचे रवे, दुधाचे कॅन, सिमेंट, खताची पोती यांसाठी एक पाटा वाढवून घेतलेला असतो. रिकामी गाडी मग मागून शेपूट वर करून चालते. (पाटे अ‍ॅक्सलच्या खालून बांधलेले असतील तर ठोकळ्याचं गणित उलटं होतं. त्या रचनेत ठोकळा काढला तर गाडी वर जाते. म्हणून आधी खाली वाकून बघाच.)

जादा पाटा काढायचा की नाही हे मालावर ठरवा. आठवड्यातून दोनदाही वजन वाहत असाल तर तो राहू द्या, आणि उंचीचा प्रश्न पायरीनं सोडवा. गाडी आता फक्त घरच्यांसाठी असेल तर काढा.

ठोकळा काढायचं काम असं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (चाक सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावा. मागची चाकं जमिनीवर असतानाच चाकाचे नट थोडे सैल करा. गाडी चासीवरून उचला आणि घोड्या (लोखंडी स्टँड) चासीच्या रेलखाली ठेवा. अ‍ॅक्सलखाली घोडी ठेवली तर पाटे मोकळे होणारच नाहीत. अ‍ॅक्सलला वेगळा ट्रॉली जॅक द्या. शॉकअपचं खालचं टोक सोडा, नाहीतर अ‍ॅक्सल खाली सोडताना सगळं वजन शॉकअपवर लटकतं. ब्रेकचा होज पाइप ताणला जात नाही ना, यावर एकानं नजर ठेवावी. दोन्ही बाजू एकदम सोडू नका. आधी एक बाजू पूर्ण करा, मग दुसरी. दोन्ही एकदम मोकळ्या केल्या तर अ‍ॅक्सल फिरतो आणि परत जागेवर आणताना घाम निघतो.

पाटे अ‍ॅक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टचे नट पुराच्या आणि पावसाच्या चिखलानं गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरी सुटले नाहीत तर कापा, वाईट वाटून घेऊ नका, कारण ते यू-बोल्ट तुम्ही परत वापरणारच नाही आहात.

इथं नीट लक्ष द्या, कारण हे काम बिघडतं ते बहुतेक वेळा इथंच. ठोकळा ५० मिमीचा होता म्हणजे यू-बोल्टही तेवढा लांब होता. ठोकळा काढून तोच यू-बोल्ट परत घातला तर नट फिरत फिरत आट्यांच्या शेवटी पोचतो आणि तिथं अडकतो. पाना लागत नाही, हाताला घट्ट वाटतं, मेस्त्री म्हणतो ‘टाइट आहे’. पण पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यात पकडच बसलेली नसते. कुणी हुशारी करून खाली चार-चार वॉशर घालतं, तेही तितकंच वाईट. पाटे आणि अ‍ॅक्सल यांना एकत्र धरून ठेवायचं काम यू-बोल्टच्या दाबाचं आहे. पाट्यांच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. दाब गेला की ब्रेक आणि क्लचचा सगळा धक्का त्या बारक्या सेंटर बोल्टवर येतो आणि तो एक दिवस कातरला जातो. मग अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो आणि गाडी तिरकी चालायला लागते.

म्हणून नवे यू-बोल्ट करून घ्या. आपल्याकडे त्याची चणचण नाही, उद्यमनगरात जुना नमुना घेऊन गेलात तर त्याच जाडीचा आणि त्याच वाकाचा, हव्या लांबीचा यू-बोल्ट वळून मिळतो. नमुना देताना चार गोष्टी सांगा: दांड्याची जाडी, दोन पायांमधलं आतलं अंतर, वाक गोल आहे की चौकोनी, आणि आतल्या वाकापासून टोकापर्यंतची लांबी. लांबी काढायची ती अशी: अ‍ॅक्सलच्या नळीचा व्यास, त्याचं बसायचं पॅड, पाट्यांची एकूण जाडी, प्लेटची जाडी, नटाची उंची, आणि नटाबाहेर राहायचे चार-पाच आटे. गॅसनं लाल करून वळलेला बोल्ट नको. थंड वळलेला, आटे कापून नव्हे तर दाबून (रोल करून) पाडलेला आणि चांगल्या ग्रेडचा मागा. नटही नवे, जाड आणि त्याच ग्रेडचे.

जुना ठोकळा काढल्यावर सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या पॅडमधल्या भोकात नीट बसतं का ते बघा. काही किटमध्ये सेंटर बोल्ट बदललेला असतो आणि त्याचं डोकं त्या भोकापेक्षा लहान किंवा आखूड असतं. डोकं भोकात खेळत असेल तर बोल्ट बदलायचा. पॅडवरची माती, गंज, जुना रंग तारेच्या ब्रशनं खरवडून काढा. मध्ये काही राहिलं तर ते पुढच्या शंभर किलोमीटरमध्ये दबतं आणि नट सैल होतात.

नट घट्ट करताना चारही आलटून पालटून, समोरासमोरचे, तीन-चार टप्प्यांत आवळा. शेवटचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या. चारही बाजूंना आटे सारखे बाहेर आलेले दिसले पाहिजेत. १०० किलोमीटरनंतर एकदा आणि ५०० नंतर परत एकदा टॉर्क रेंच लावा. नटापासून प्लेटपर्यंत पांढऱ्या ऑइल पेंटची एक रेघ ओढून ठेवली तर नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, मग दरवेळी पाना घ्यावा लागत नाही.

जादा पाटा काढायचा असेल तर सेंटर बोल्ट सोडण्याआधी पाट्यांना दोन्ही बाजूंनी सी-क्लॅम्प लावा. पाटे एकमेकांवर ताणात असतात, बोल्ट सुटला की उसळतात. क्लॅम्प हळूहळू, दोन्ही सारखे सोडा. पाटा काढल्यावर सेंटर बोल्ट आखूड घ्यावा लागतो. पाट्यांच्या कडेच्या पकड्या परत बसवा. त्या राहिल्या तर खड्ड्यात पाटे पंख्यासारखे फाकतात.

काहींनी पाटे हातोड्यानं मारून त्यांची कमान वाढवून घेतलेली असते. ती उतरवायची तर पाटेवाल्याकडे थंड मारूनच उतरवा. गॅसनं तापवून वाकवलेल्या पाट्याचं पाणी उतरतं, म्हणजे स्प्रिंगचा गुण जातो. तो पाटा आधी बसतो आणि मग तुटतो. बहुतेकदा मेन पाटा डोळ्याजवळ (टोकाच्या गोल वळ्याजवळ) तुटतो, आणि तो घाटात तुटला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

पुढची बाजू

व्ही-क्रॉस आणि हायलक्सला पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग आहे. इथं लिफ्ट बहुधा शॉकअपच्या डोक्यावर बसवलेल्या स्पेसरची (जाड चकतीची) असते. शॉकअप खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर जोडलेला असल्यामुळे २५ मिमीचा स्पेसर चाकाशी जवळपास ५० मिमी उंची देतो. स्पेसर पातळ दिसला म्हणून फसू नका.

स्पेसर शॉकअपच्या माउंटच्या वर असेल तर स्प्रिंग दाबायची गरज नाही. दोन्ही बाजूंच्या स्टॅबिलायझर बारच्या लिंक सोडा. एकच सोडली तर दुसऱ्या बाजूचा ताण आर्म खाली येऊ देत नाही. एबीएसची वायर आणि ब्रेक पाइपचे क्लिप मोकळे करा. खालच्या आर्मला जॅक देऊन वरच्या बॉल जॉइंटचा नट सोडा. नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) लोंबकळू देऊ नका, तारेनं बांधून ठेवा. फोर बाय फोर गाडीत नकल बाहेर झुकली तर सीव्ही जॉइंट आतून निसटतो आणि स्पेसरचं काम अ‍ॅक्सल शाफ्टचं काम होऊन बसतं. मग खालचा बोल्ट, वरचे तीन नट, शॉकअप बाहेर, स्पेसर बाजूला. मूळ माउंटचे स्टड कुणी कापलेले नाहीत ना, ते इथं तपासा. परत जोडताना स्प्लिट पिन नवी घाला.

स्पेसर स्प्रिंग आणि माउंटच्या मध्ये असेल, किंवा स्प्रिंगच वेगळी असेल तर घरी हात घालू नका. दाबलेल्या स्प्रिंगचा मधला नट स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर न लावता सोडणं म्हणजे तोफेच्या तोंडाशी उभं राहणं. चांगल्या कॉम्प्रेसरच्या दुकानात करून घ्या. कंपनीच्या मूळ स्प्रिंग टाकून दिल्या असतील तर तुमच्या इंजिन-मॉडेलच्याच घ्या. डिझेल आणि पेट्रोल, ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल यांच्या स्प्रिंग वेगवेगळ्या असू शकतात. डावी-उजवीही वेगळी असू शकते, पार्ट नंबरवरून खात्री करा.

ज्यांच्या गाडीला पुढे कॉइलऐवजी टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आहे त्यांचं काम सगळ्यात स्वस्त. गाडी उचलून चाकं मोकळी करा, अ‍ॅडजस्टर बोल्टवर खूण करा, दोन्ही बाजूंना सारखे फेरे सोडा, गाडी खाली घेऊन थोडी चालवा, परत मोजा. एकदम जास्त सोडू नका. चाक वजनाखाली असताना बोल्ट फिरवला तर आटे खाल्ले जातात.

आणि स्प्रिंगचा वेढा कापायचा नाही. वेढा कापला की उरलेली स्प्रिंग कडक होते, तिचं टोक बशीत बसत नाही, आणि चाक खड्ड्यात पूर्ण खाली गेलं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते.

जोडणी झाल्यावर जी चूक हमखास होते ती बुशची. आर्मचे, शॅकलचे, पाट्याच्या डोळ्याचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. नुसते बसवायचे, गाडी चाकांवर खाली घ्यायची, पुढेमागे हलवायची, आणि मग आवळायचे. हवेत आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेतच पकडला जातो. गाडी अर्धा-पाऊण इंच वरच राहते आणि बुश काही महिन्यांत फाटतो. ‘सगळं काढलं तरी गाडी हवी तेवढी खाली आली नाही’ अशी तक्रार असेल तर आधी हे बोल्ट सैल करून बघा.

लिफ्टबरोबर आलेली पाहुणे मंडळी

लिफ्ट बसवताना आजूबाजूला बरंच काही बदललेलं असतं आणि उतरवताना ते विसरतं. लांब शॉकअप त्यातला पहिला. लिफ्टसाठी घातलेला शॉकअप बंद अवस्थेतही लांब असतो. गाडी खाली आल्यावर बंप स्टॉपच्या आधी शॉकअपच तळाला आदळतो आणि त्याचं माउंट तुटतं. मूळ लांबीचे शॉकअप घ्या, आणि वाढवलेले बंप स्टॉपही मूळ करा.

काही पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलपासून चासीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हपर्यंत एक दांडी असते. गाडी किती दबली आहे यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला दाब देतो. गाडी उचलली की त्याला वाटतं हौदा रिकामा आहे, म्हणून लिफ्टवाला ब्रॅकेट घालून दांडी वर घेतो. आता गाडी खाली आणली आणि ब्रॅकेट तसंच ठेवलं, तर व्हॉल्व्हला वाटणार हौदा भरलेला आहे. तो मागच्या चाकांना जास्त दाब देणार. पावसात रिकाम्या गाडीनं गगनबावड्याच्या उतारावर ब्रेक मारला तर मागची चाकं जाम होऊन शेपूट बाहेर येईल. ब्रॅकेट काढा, दांडी मॅन्युअलमधल्या मापाला आणा. लांब घातलेला ब्रेक होज टायरला घासत नाही ना, तेही स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा.

ठोकळ्याबरोबर पाचर घातलेली असेल तर तीही काढा. ती मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या शाफ्टचा कोन सुधारण्यासाठी होती. ठोकळा गेला आणि पाचर राहिली की ६० ते ८० च्या वेगाला गाडीत थरथर येते आणि शाफ्टचे क्रॉस (सांधे) लवकर जातात. शाफ्टच्या मधल्या बेअरिंगखालचे आणि पुढच्या डिफरन्शियलखालचे स्पेसरही याच कारणासाठी मूळ करायचे.

एवढं झालं की व्हील अलाइनमेंट. हे ऐच्छिक नाही. टो आणि कॅम्बर, म्हणजे चाकांचे आत-बाहेर वळण्याचे आणि झुकण्याचे कोन, नक्की बदललेले असतात. न करता दोन-तीन हजार किलोमीटर चालवलीत तर नव्या टायरची एक कड जाते. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून सस्पेन्शन बसल्यावर करा. हेडलाइटची उंची परत सेट करा. शेवटी हौद्यात चार पोती सिमेंट, म्हणजे २०० किलो ठेवून मागच्या बंप स्टॉपमध्ये किती जागा उरते ते बघा. रिकाम्या गाडीची मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी वर असणं योग्यच आहे. समपातळीत आणायच्या नादात मागची बाजू आणखी खाली घेतली तर वजन पडल्यावर नाक वर होतं आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत लाइट जातो.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२ अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. मूळ उंचीला परत येण्याचा हा वेगळा फायदा: एमएच ०९ ची गाडी पासिंगला नेताना किंवा विम्याचा क्लेम करताना समजावून सांगायला काही उरत नाही.

उरलेली उंची पायरीवर सोडा

मूळ उंचीला आल्यावर परत तीच दोन मापं घ्या, उंबऱ्याची आणि सीटची. पायरी जमीन आणि उंबरा यांच्या साधारण मध्यावर, किंवा थोडी खालीच हवी. उंबरा ५६० मिमीवर असेल तर पायरी २७० ते २८० मिमीवर. बाजारातल्या बऱ्याच साइड स्टेप उंबऱ्याला चिकटून बसवतात. दिसायला छान, पण त्यावर चढायला पाय जवळपास तेवढाच उचलावा लागतो. ती पायरी नव्हे, ते दागिने.

करून घेणार असाल तर पाय ठेवायची रुंदी किमान १५० मिमी मागा आणि लांबी पुढच्या दारापासून मागच्या दाराच्या शेवटापर्यंत. उतरताना टाच ठेवायला रुंदी लागते, चढताना नाही, त्यामुळे अरुंद पायरीचा त्रास उतरताना कळतो. पायरीचे ब्रॅकेट चासीला, चासीत आधीच असलेल्या भोकांतून बोल्टनं बांधा. चासीवर वेल्डिंग नको. उंबऱ्याच्या पत्र्याला बांधलेली पायरी ८०-९० किलोच्या माणसाखाली पत्रा वाकवते. एका बाजूला किमान तीन ब्रॅकेट हवेत. एका टोकाला पूर्ण वजनाचा माणूस उभा करून बघा, पायरी १० मिमीपेक्षा जास्त वाकली तर ब्रॅकेट वाढवा.

वरचा पृष्ठभाग कसा आहे हे इथं फार महत्त्वाचं. कातडी तळाची कोल्हापुरी पायात असेल तर ओल्या पाइपवर पाय टिकतच नाही. चेकर्ड प्लेटवरही घसरतो, कारण तिचे उंचवटे कातडी तळात रुतत नाहीत. त्यामुळे प्लेटवर जाड रबराच्या पट्ट्या बोल्टनं बसवा. नुसत्या चिकटवलेल्या पट्ट्या पावसाळ्यात उखडतात. दोन पाइप आणि मध्ये मोकळी जागा असलेली पायरी साडी नेसणाऱ्यांसाठी नको. उतरताना काठ त्या फटीत जातो आणि पाय पुढे पडतो. पृष्ठभाग सलग घ्या, कडा गोल, आणि बोल्टची डोकी खालून.

हात धरायला काही नसेल तर चांगली पायरीही अर्धीच. ड्रायव्हरच्या बाजूला बऱ्याच गाड्यांत पुढच्या खांबावर हँडल नसतं, आणि वयस्कर माणूस मग स्टीअरिंग धरून चढतो. त्या खांबात आपल्या मनानं ड्रिल मारू नका. आत एअरबॅगची पिशवी किंवा तिची वायर असू शकते. कंपनीनं त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला तिथं हँडल दिलं असेल तर आत बोल्टची जागा बहुधा तयारच असते, तेच हँडल पार्ट नंबरनं मागवा. नसेल तर वयस्कर माणसाला डाव्या पुढच्या सीटवर बसवा, तिथं हँडल बहुतेक गाड्यांत असतंच.

सीटला उंची कमी-जास्त करायची सोय असेल तर ती पूर्ण खाली घ्या. वर जाड गादी टाकली असेल तर काढा, दोन-तीन इंच तिथंच मिळतात. सीट कव्हर जाड टर्किश कापडाचं असेल तर त्यावर बसून पाय आत वळवताना कपडा अडकतो. बाहेरच्या कडेपुरतं गुळगुळीत रेक्झिन ठेवलं की माणूस आधी टेकतो आणि मग सरळ आत वळतो.